रोजच्या वाचनाला ई-रीडर : माल पारखून घ्या

पुस्तके वाचण्यासाठीच बनवलेले ई-रीडर नावाचे यंत्र बाजारात येऊन बरीच वर्षे झाली. तरीही आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत त्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहीजण म्हणतात, हातात मोबाइल असताना हे दुसरे डबडे कशाला? दुसरे म्हणतात, कागदावर नाही ते पुस्तकच नव्हे. ही दोन्ही मते माल न पाहता दिलेली आहेत. कापडाच्या धंद्यात आम्ही तागा उलगडल्याशिवाय भाव बोलत नाही. तोच नियम इथे लावू.

आमचे मत आधीच सांगतो. रोजच्या वाचनासाठी ई-रीडर छापील पुस्तकापेक्षा सोयीचा आहे. परंतु त्यावर विकत मिळणारे पुस्तक हा वेगळ्या जातीचा माल आहे, आणि उर्दू वाचणाऱ्यांसाठी हा बाजार अजून अर्धाच उघडला आहे. या गोष्टी समजून घेऊनच गल्ल्यातला पैसा काढावा.

मोबाइल आणि ई-रीडर यांत फरक काय?

मोबाइलचा पडदा आतून प्रकाश फेकतो. ई-रीडरचा पडदा तसा नसतो. त्यात केसाच्या जाडीइतक्या बारीक कुप्यांचा थर असतो. प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे कण असतात व त्यांच्यावर एकमेकांविरुद्ध विद्युतभार असतो. विजेचा दाब बदलला की कुठे काळे कण वर येतात, कुठे पांढरे. त्यातून अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकवायला वीज लागत नाही. ती लागते पान उलटताना आणि पानावर प्रकाश पाडणारे बारीक दिवे लावले तर. म्हणून एकदा चार्ज केलेले यंत्र रोज थोडे वाचणाऱ्याला काही आठवडे पुरते. भर उन्हातही पान कागदासारखे स्वच्छ दिसते.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधनातून १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली. हा पडदा लावलेले पहिले वाचनयंत्र सोनीने २००४ मध्ये जपानात विकायला काढले. अमेझॉनचे किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये आले, तेव्हा त्याची किंमत ३९९ डॉलर होती.

या यंत्रात उणिवाही आहेत. बहुतेक यंत्रे काळी-पांढरीच असतात आणि पान बदलायला क्षणभर लागतो. फोन येत नाही, व्हिडिओ नीट चालत नाही. पण वाचकाला हीच उणीव लाभाची आहे. दुकानात मोबाइलवर पुस्तक उघडले की दुसऱ्या पानावर पार्टीचा फोन आणि तिसऱ्या पानावर सुताच्या भावाचा मेसेज येतो. पुस्तक राहते बाजूला. ई-रीडर हाती असला की निदान अर्धा तास आपण वाचत असतो.

आपल्या लोकांना सोय कोणती?

पहिली सोय डोळ्यांची. दिवसभर ताणा-बाणा पाहणारा, रंगाची शेड जुळवणारा किंवा जरीचे काम करणारा माणूस चाळिशीनंतर बारीक छपाईचे पुस्तक फार वेळ वाचू शकत नाही. इथे अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. दुसरी सोय जागेची. मालेगाव-भिवंडीतल्या एका खोलीच्या घरात पुस्तकांचे कपाट ठेवायचे कुठे? सुमारे २०० ग्रॅमच्या यंत्रात हजारो पुस्तके मावतात. मालाच्या खरेदीसाठी सुरतेला जाणाऱ्याच्या पिशवीलाही त्याचे ओझे नाही. तिसरी सोय खंडित वेळेची. वीज गेली, माग थांबले, गिऱ्हाईक नाही, अशा दहा-पंधरा मिनिटांत यंत्र उघडावे तर कालचे पान तिथेच उघडे मिळते. इंग्रजी पुस्तकातला शब्द अडला तर त्यावर बोट ठेवताच अर्थ दिसतो.

हिशेब काय सांगतो?

आता पैशाची बाजू. किंडल पेपरव्हाइटचे नवे मॉडेल भारतात एप्रिल २०२५ मध्ये १६,९९९ रुपयांना आले. समजा, एक छापील पुस्तक ३०० रुपयांचे आहे आणि त्याचे ई-पुस्तक २०० रुपयांना मिळते. म्हणजे पुस्तकामागे १०० रुपये वाचले. यंत्राची किंमत वसूल व्हायला १७० पुस्तके घ्यावी लागतील. महिन्याला एक म्हटले तर १४ वर्षे! तेव्हा "पुस्तके स्वस्त पडतात" म्हणून कोणी हे यंत्र गळ्यात मारत असेल तर त्याला हा हिशेब दाखवावा. कराचेही पाहा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर तो १८ टक्के होता. जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता.

वसुली होते ती कायदेशीररीत्या मोफत मिळणाऱ्या पुस्तकांतून. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे कॉपीराइट चालतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून खुले आहे. सआदत हसन मंटो १९५५ मध्ये वारले. त्यांचे लेखन २०१६ पासून खुले झाले. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तके मोफत देते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकेही संकेतस्थळावर मोफत आहेत. असे वाचन भरपूर करणाऱ्याला यंत्र परवडते. वर्षाला दोन पुस्तके वाचणाऱ्याने छापीलच घ्यावीत.

तागा आणि शिवलेला सदरा

ई-पुस्तकाचे मुख्य प्रकार दोन. ईपब हा तागा समजा. यंत्र जेवढे असेल तेवढ्या मापाने मजकूर बेतला जातो. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. पीडीएफ मात्र शिवून तयार झालेला सदरा आहे. मोठ्या पानासाठी शिवलेली पीडीएफ सहा-सात इंची पडद्यावर आणली की अक्षरे मुंगीएवढी होतात. मोठी केली तर पान इकडून तिकडे सरकवत बसावे लागते. वर सांगितलेल्या मोफत मराठी पुस्तकांपैकी बरीच पीडीएफ आहेत, हे लक्षात ठेवावे. आपले वाचन मुख्यतः पीडीएफचे असेल तर मोठ्या पडद्याचे यंत्र लागते आणि ते महाग पडते.

उर्दू वाचकांची अडचण

आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमातले, त्यामुळे ही बाजू आम्हाला जास्त टोचते. अमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर हिंदी, मराठी, गुजराती, तामीळ आणि मल्याळम अशा पाच भारतीय भाषांची पुस्तके आणली. त्यांत उर्दू नव्हती.

याचे एक कारण लिपीत आहे. नस्तालीकमध्ये शब्द सरळ ओळीत बसत नाही. तो उजवीकडून डावीकडे तिरपा उतरतो आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे प्रत्येक अक्षराचे रूप बदलते. म्हणून उर्दू वृत्तपत्रे दीर्घकाळ कातिबांच्या हातूनच लिहिली जात. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीक तयार केले, तेव्हा शब्दांचे हजारो तुकडे एकेक करून लिहून यंत्रात भरावे लागले. पुढे १९९४ मध्ये आलेल्या इनपेजवर उर्दू पुस्तके तयार होऊ लागली. परंतु इनपेजच्या जुन्या फायली छपाईसाठी होत्या. त्या जशाच्या तशा ई-पुस्तकात चालत नाहीत.

परिणामी बरेचसे उर्दू साहित्य आज पानांचे फोटो म्हणूनच मिळते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या रेख्ताने असा फार मोठा खजिना वाचकांपुढे ठेवला, त्याचे मोल मोठे आहे. मात्र तो संगणकावर किंवा टॅबलेटवर वाचणेच बरे. लहान ई-रीडरवर त्याचा आनंद मिळत नाही. तेव्हा ज्यांचे वाचन मुख्यतः उर्दू आहे, त्यांनी तूर्त छापील पुस्तकच धरून ठेवावे. आपल्या उर्दू प्रकाशकांनीही नवी पुस्तके युनिकोडमध्ये तयार करून ईपब काढावीत. मागणी आली तरच ते हलतील, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

ही खरेदी की भाडे?

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मिल्कियतचा. विक्री आणि इजारा यांतला फरक आपल्याला मदरशातल्या पहिल्या इयत्तेपासून माहीत असतो. विकत घेतलेली वस्तू आपण पुन्हा विकू शकतो, भेट देऊ शकतो, वक्फ करू शकतो, वारसांना ठेवू शकतो. मोठ्या कंपन्यांच्या दुकानातून घेतलेल्या ई-पुस्तकाचे बहुधा यांतले काहीच करता येत नाही. बटणावर "खरेदी करा" लिहिलेले असले तरी मिळतो तो वाचण्याचा परवाना.

जुलै २००९ मध्ये अमेझॉनने जॉर्ज ऑरवेलच्या "१९८४" आणि "ॲनिमल फार्म"च्या काही प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली, पण दुकानदार घरात येऊन माल उचलू शकतो हे जगाला कळले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हाही पैसे परत दिले आणि पुस्तके उघडेनाशी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेझॉनने विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकण्याची सोय बंद केली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की, मिळतो तो परवाना असेल तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगावे.

भाड्याने घेणे काही वाईट नाही. सौदा काय आहे हे माहीत असले, की तक्रार उरत नाही. मात्र भाड्याच्या मालाला मालकीचा भाव देऊ नये.

फुकटच्या पीडीएफविषयी

चालू लेखकांची पुस्तके स्कॅन करून व्हॉट्सॲपवर वाटली जातात आणि लोक सवाब समजून पुढे पाठवतात. इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात लेखनाचा हक्क शरीअतने मान्य केलेला हक्क ठरवला आणि त्यावर अतिक्रमण करू नये असे सांगितले. आपल्या डिझाइनची नक्कल शेजारच्या कारखान्याने काढली तर आपल्याला संताप येतो. लेखकाचा मालही तसाच आहे.

घेताना काय पाहावे?

१) आपण वर्षाला किती पुस्तके वाचतो आणि कोणत्या भाषेत, हे आधी लिहून काढावे.

२) ओळखीच्याकडे यंत्र असेल तर तासभर मराठी पुस्तक वाचून पाहावे. जोडाक्षरे नीट दिसतात का, हे मुद्दाम पाहावे.

३) ईपब चालते का, आणि स्वतःची फाइल टाकता येते का, हे विचारावे.

४) पडद्यात प्रकाशाची सोय असावी. पहाटे फजरनंतर किंवा रात्री घरचे झोपले असताना तिचा उपयोग होतो.

५) दुरुस्ती आणि वॉरंटी कुठे मिळेल ते पाहूनच पैसे द्यावेत. पडदा फुटला तर खर्च मोठा असतो.

कुरआन मजीद, तफसीर, हदीसचे ग्रंथ आणि मुलाबाळांसाठी ठेवायची पुस्तके छापीलच घ्यावीत. ती घरात दिसतात, मुले हाताळतात, आणि आपल्यामागे मोहल्ल्याच्या वाचनालयाला देता येतात. कादंबरी, प्रवासवर्णन, चरित्र, धंद्याची माहिती असे एकदा वाचून बाजूला ठेवायचे वाचन यंत्रावर करावे. दुकानाच्या घाईत वाचनाची सवय मोडत चालली आहे, ती यामुळे पुन्हा जडली तर यंत्राचे पैसे वसूल झाले असे आम्ही समजू. पहिल्या वहीचा आरंभच वाचण्याच्या हुकुमाने झाला, त्या उम्मतचा दिवस वाचनावाचून जाऊ नये, एवढीच दुआ.