जुन्या कॅमेऱ्यात उजेड शिरतोय?

रोलवरच्या रंगीत फोटोंच्या कडेला केशरी-लाल पट्टे दिसले की लगेच लेन्सला दोष देऊ नका. कॅनन एई-१ (१९७६) सारख्या कॅमेऱ्यांत मागच्या झाकणाच्या खाचेत काळा फोम असतो. काही वर्षांनी तो डांबरासारखा चिकट होऊन झडतो आणि तिथून उजेड आत जातो.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या टूथपिकने तो हळूहळू खरवडा, घाई नको. शटरच्या कापडी पडद्याला बोटसुद्धा लागू देऊ नका! मग खाचेत काळी लोकर दाबून बसवा, बिजागरीपाशी काळ्या फेल्टची पट्टी चिकटवा. लोकर मला फोमपेक्षा सरस वाटते, कारण ती अशी विरघळत नाही.

फ्लॅश असलेला कॅमेरा मात्र घरी उघडू नका. सेल काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट शिल्लक असू शकतात.