ठिपक्यांवरून चित्त्याची ओळख

नामिबियात ओचिवारोंगोजवळ लॉरी मार्कर यांनी १९९० मध्ये स्थापलेल्या चीता कॉन्झर्वेशन फंड या संस्थेत देशोदेशींचे स्वयंसेवक येतात. त्यांच्या वाट्याला चित्त्याला कुरवाळणे नव्हे, तर चिकाटीचे काम येते, आणि ते तसेच असायला हवे.

चित्ते मूत्र-विष्ठेने खूण करतात अशा ठरावीक झाडांपाशी कॅमेरा सापळे, म्हणजे हालचाल होताच आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे, लावलेले असतात. प्रत्येक चित्त्याच्या ठिपक्यांची रचना वेगळी असल्याने कुशीवरचे ठिपके ताडून, शेपटीची वलये पाहून एकेक प्राणी ओळखावा लागतो.

संस्थेचा सर्वांत मोलाचा उपक्रम मात्र १९९४ पासूनचा: शेतकऱ्यांना दिलेली राखणदार कुत्री शेळ्यामेंढ्या सांभाळतात, त्यामुळे चित्त्याला गोळी घालण्याचे कारणच उरत नाही.