हसवणाऱ्यांची हजेरी घेऊ या!

टॉम आपटला की आपण खो-खो हसतो. पण झाडू घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या बाईचा आवाज कोणाचा? अमेरिकेतल्या जुन्या, सात-आठ मिनिटांच्या कार्टूनपटांत कोण कसं दिसलं आणि कोणाचं नाव राहूनच गेलं, याचे हे सात किस्से.

१. पाय दिसले, नाव नाही
‘टॉम अँड जेरी’त १९४० ते १९५२ दरम्यान दिसणारी ती कृष्णवर्णीय बाई म्हणजे मुख्यतः पाय, सपाता आणि झाडू. आवाज होता लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा. श्रेयनामावलीत मात्र त्यांना जागा नव्हती. पुढे १९६०च्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत त्या बाईच्या जागी गोरी बाई रंगवली गेली आणि रँडॉल्फ यांचा आवाजही गेला!

२. लांडग्याचा वेश बदलला
डिस्नेच्या ‘थ्री लिटल पिग्स’मध्ये (१९३३) लांडगा ज्यू फेरीवाल्याचं सोंग घेऊन दारात येतो. एका समाजाची ती उघड टवाळी होती. १९४८मध्ये तो प्रसंग नव्यानं चितारला गेला आणि लांडगा साधा ब्रशविक्या झाला.

३. वॉलरसच्या अंगात कॅब कॅलोवे
बेटी बूपच्या ‘मिनी द मूचर’मध्ये (१९३२) वॉलरसचं भूत झकास नाचतं. ती अदा कृष्णवर्णीय जॅझ गायक कॅब कॅलोवे यांची! त्यांच्या नाचाचं चित्रीकरण करून त्यावरून एकेक चित्र गिरवलं होतं. सुरुवातीला कॅलोवे स्वतःही वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतात.

४. सुतारपक्ष्याची शिल्पकार
वुडी वुडपेकरचं १९५०च्या सुमाराचं नीटस, गोंडस रूप घडवलं लव्हर्न हार्डिंग यांनी. स्टुडिओत बायकांच्या वाट्याला बहुतेक शाई-रंगाचं काम यायचं, त्या काळात त्या १९३४पासून ॲनिमेटर होत्या.

५. चपळ उंदराची घरवापसी
स्पीडी गोन्झालेसच्या १९५५च्या कार्टूनला ऑस्कर मिळालं. पण त्याचे मेक्सिकन सोबती आळशी आणि दारुडे दाखवले जात. या साचेबंद चित्रणामुळे अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कनं १९९९मध्ये स्पीडीला बाजूला ठेवलं. मग त्याच्या बाजूनं आवाज उठवला चाहत्यांनी आणि लॅटिन अमेरिकन नागरिकांच्या एका मोठ्या संघटनेनं! हुशार, शूर स्पीडी त्यांना आपला वाटत होता. २००२मध्ये तो परतला.

६. कामगारांनी काढलेलं कार्टून
‘ब्रदरहूड ऑफ मॅन’ (१९४६) या छोट्या कार्टूनपटाला पैसा दिला मोटार कामगारांच्या युनियननं. कातडीचा रंग वेगळा असला तरी माणूस एकच, हे त्यात हसत-खेळत पटवून दिलं होतं. तो बनवणाऱ्या यूपीए स्टुडिओनंच पुढे मिस्टर मगू हे कार्टूनपात्र आणलं.

७. झाकलेले अकरा
कृष्णवर्णीयांची विटंबना करणारे वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचे अकरा कार्टूनपट १९६८मध्ये टीव्हीवरून कायमचे बाजूला काढले गेले. इतर जुन्या कार्टूनांबाबत वॉर्नरनं पुढे वेगळी वाट धरली. २००५च्या डीव्हीडी संचात अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग आधी समोर येऊन सांगतात, की यातली काही चित्रणं तेव्हाही चूक होती आणि आजही चूकच आहेत. पण ती पुसली, तर असं कधी घडलंच नाही असा अर्थ होईल.

हेच खरं. चूक झाकू नये आणि माणूसही पुसू नये. पुढच्या वेळी झाडू घेतलेली ती बाई दिसली, तर शेजारी बसलेल्या पोराला जरूर सांगा: हा आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा.