सर्व्हरचे घड्याळ सात मिनिटे मागे

रात्री किल्ल्याच्या दरवाजाशी कोणी आले, की पहारेकरी परवलीचा शब्द विचारी. शब्द बरोबर आला, की दिंडी उघडे. संगणकाचा पासवर्ड म्हणजे हाच परवलीचा शब्द, अशी आपली समजूत असते. पण शब्द बरोबर असूनही दरवाजा उघडला नाही तर?

एप्रिल २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात असेच घडले. प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस होता. चोवीस विद्यार्थी संगणकांपुढे बसले. त्यांची वर्षभराची कामे फाइल सर्व्हर नावाच्या एका यंत्रात साठवलेली होती. प्रत्येकाने नाव आणि पासवर्ड टाकला, पडदा उघडला. पण स्वतःच्या फाइली उघडू जाताच ‘परवानगी नाही’ असा संदेश झळकू लागला. एकाला नव्हे, चोवीसही जणांना! बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडे पाहू लागले.

दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आदल्या संध्याकाळी उशिरापर्यंत प्रयोगशाळेत बसला होता. संगणकांची जोडणी त्याला चांगली कळत असे. लगेच कुजबूज सुरू झाली, “यानेच काही उद्योग केला असणार.” तो बिचारा दाराशी उभा राहून एवढेच म्हणत होता, “सर, मी सर्व्हरला हातसुद्धा लावलेला नाही.”

आता विचार कसा करायचा ते पाहू. पासवर्ड चुकीचा असता तर पडदाच उघडला नसता. म्हणजे पासवर्ड ठीक. तार तुटली म्हणावे, तर फाइल सर्व्हर नकार का होईना, पण उत्तर देत होता. राहिला प्रश्न त्याच्या नकाराच्या कारणाचा. सर्व्हर प्रत्येक घडामोडीची नोंद ठेवतो. त्या नोंदीत एकच ओळ शेकडो वेळा आली होती. तिचा अर्थ होता, ‘घड्याळांतील फरक फार मोठा आहे.’ फाइल सर्व्हरला पडदा जोडलेला नव्हता, म्हणून त्याचे घड्याळ कोणी पाहिलेच नव्हते. पाहिले तर ते सात मिनिटे मागे!

ओळख पटविण्याच्या कामात घड्याळाचा काय संबंध? आमच्याकडील व्यवस्थेचे नाव कर्बेरॉस. ग्रीक पुराणातील तीन डोक्यांच्या पहारेकरी कुत्र्याचे हे नाव. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८३ साली सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पात तिचा जन्म झाला. हिच्यात आपला पासवर्ड फाइल सर्व्हरकडे कधीच जात नाही. ओळख पटविणारा दुसराच एक सर्व्हर असतो. तो आपल्याला एक तिकीट देतो. त्याला खरोखरच तिकीट म्हणतात. हे तिकीट गुप्त लिपीत असते आणि त्यावर मुदत असते. तिकिटासोबत आपला संगणक आणखी एक चिठ्ठी जोडतो. तिच्यावर त्या क्षणाची वेळ असते.

ही वेळ कशासाठी? समजा, तारेतून जाणारे तिकीट आणि चिठ्ठी कोणी चोरून टिपली. ती त्याला वाचता येणार नाही, पण जशीच्या तशी पुन्हा पाठवता येईल. रॉजर नीडहॅम व मायकेल श्रोडर यांनी १९७८ साली मांडलेल्या मूळ पद्धतीत जुना ऐवज पुन्हा वापरण्याची अशी एक पळवाट राहिली होती. डोरोथी डेनिंग व जोव्हान्नी साक्को यांनी १९८१ साली ती दाखवून दिली आणि वेळेचा शिक्का मारण्याचा उपाय सुचविला. शिळी चिठ्ठी नाकारायची! कर्बेरॉसमध्ये सामान्यतः पाच मिनिटांचा फरक चालवून घेतात आणि तेवढ्या अवधीत तीच चिठ्ठी पुन्हा आली तर ओळखतात. आमच्या विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या ताज्याच होत्या. पण सर्व्हरच्या मते त्या सात मिनिटे भविष्यातून आल्या होत्या. तिकीट तपासनिसाचेच घड्याळ बिघडले, तर खरा प्रवासीही दंड भरतो.

पाच मिनिटे म्हणजे किती, याचा गमतीदार हिशेब सांगतो. सूर्याच्या वेळेत दर रेखांशाला चार मिनिटांचा फरक पडतो. जळगाव सुमारे ७५.६ अंशांवर, धुळे सुमारे ७४.८ अंशांवर. म्हणजे दोन्ही गावांनी आपापल्या सूर्याप्रमाणे घड्याळे लावली, तर फरक तीन मिनिटांहून थोडा अधिक. कर्बेरॉस तो चालवून घेईल. मुंबई मात्र ७२.८ अंशांवर. जळगावशी अकरा मिनिटांचा फरक, तेथे नकार! भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावरून ठरली, तरी मुंबईने स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

पण घड्याळ मागे पडले कशाने? एक सहकारी म्हणाले, “खान्देशचे ऊन, दुसरे काय!” कल्पना वाईट नव्हती. संगणकाच्या घड्याळात गारेचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा, चिमट्याच्या आकाराचा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करा, बरोबर एक उरतो. म्हणूनच तो निवडला आहे. सुमारे २५ अंश सेल्सियसला हा स्फटिक अचूक चालतो. त्याहून गरम वा थंड झाला, की मागे पडतो. तापमानातील फरकाच्या वर्गाला ०.०३४ ने गुणले, की दशलक्षात किती भाग चूक ते मिळते. पेटीत ४५ अंश धरू. फरक २०, वर्ग ४००, चूक दशलक्षात १३.६. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे रोज सुमारे १.२ सेकंद. सात मिनिटे मागे पडायला रात्रंदिवस ४५ अंश तापमान असूनही ३५० दिवस लागतील! ऊन निर्दोष सुटले.

तेवढ्यात प्रयोगशाळेतील आमचे नाना म्हणाले, “सर, काल रात्री लाइट गेली, तेव्हा यूपीएसबी बसला व्हता. पाच-दहा मिनटं समदं बंद.” वीज नसताना संगणकाचे घड्याळ नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या सेलवर चालते. त्या वेळी परीक्षा महत्त्वाची होती, म्हणून घड्याळ हाताने लावले. अकरा वाजून दहा मिनिटांनी चोवीस जणांच्या फाइली उघडल्या. दुपारी मात्र सर्व्हरची पिन काढून मनगटी घड्याळाने दहा मिनिटे मोजली. पुन्हा चालू केला, तो घड्याळ बरोबर दहा मिनिटे मागे. सेल मोजला, दोन व्होल्टही भरले नाहीत. यंत्र बंद असताना स्फटिक थांबत होता आणि वीज आली, की जेथे थांबला तेथून पुढे चालू लागत होता.

एरवी इंटरनेटवरून घड्याळ आपोआप दुरुस्त झाले असते. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेली पद्धत हेच काम करते. पण रस्ता खोदताना आमची तार आठवड्यापूर्वीच तुटली होती. रेल्वेत रोज १६ वाजता सर्व प्रमुख स्थानकांना प्रमाणवेळ कळविण्याचा नियम आहे. आमच्या संगणकांना आठ दिवस सोळा वाजलेच नव्हते, म्हणा ना!

आपल्या घरातील क्वार्ट्‌झचे घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवून आता आणि पुन्हा दिवाळीनंतर, महिनाभर त्याची चूक लिहून ठेवा. मनगटी घड्याळ हाताच्या उबेत असते, भिंतीवरचे नसते, हेही लक्षात घ्या.

दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याला मी बोलावले आणि संशय घेतल्याबद्दल त्याची माफी मागितली. तो नवा सेल घेऊनच आला होता. बाहेरची तार तुटली तरी सगळ्या संगणकांनी एकमेकांशी तरी वेळ जुळवावी, म्हणून त्याने त्याच दुपारी एका यंत्राला घड्याळजी नेमले. दर सोमवारी त्या यंत्राचे घड्याळ तपासण्याचे काम नानांनी आपणहून घेतले.