चांदणी नेमकी कधी गेली?

डहाणूच्या किनाऱ्यावर दुर्बीण लावायची तर आधी तिपाईच्या पायांखाली फळ्या हव्यात. नाहीतर ओल्या वाळूत एक पाय हळूच खचतो आणि ऐन वेळी चंद्र नजरेच्या टप्प्यातून निसटतो. उजेड असतानाच शोधक नळी आणि मोठी नळी एका रेषेत आणायची असतात. त्यासाठी लांबची पक्की खूण लागते. इथे औष्णिक वीज केंद्राची २७५ मीटर उंच चिमणी आयतीच उभी आहे.

काम साधे वाटते. चंद्र एखाद्या ताऱ्याला झाकतो, म्हणजे पिधान होते, तो क्षण टिपायचा.

शुक्ल पक्षातली चतुर्थी-पंचमी यासाठी उत्तम आणि पश्चिमेला उघडा समुद्र असलेले डहाणू त्याहून उत्तम. कोर समुद्रावर उतरू लागते. तिचा न उजळलेला भाग पृथ्वीच्या परावर्तित उजेडात राखाडी दिसतो आणि त्या काळ्या कडेकडे चांदणी सरकत असल्यासारखी भासते. सरकतो खरे तर चंद्र, ताऱ्यांमधून पूर्वेकडे, तासाला साधारण स्वतःच्या व्यासाइतका. शेवटच्या मिनिटाला कोणी बोलत नाही. मग एकदम ‘गेली!’

तारा मंदावत नाही, विझतो. चंद्राला प्रकाश गाळणारे वातावरण नाही आणि तारा इतका दूर, की जवळपास बिंदूच. ग्रहाचे तसे नसते. २५ जुलै २०२४ च्या मध्यरात्रीनंतर भारतातून दिसू शकणाऱ्या पिधानात कड्यांसह शनी झाकला जायला मिनिटभराहून जास्त वेळ लागणार होता. पण कोकणात ऐन आषाढ!

पूर्वी एकजण रेडिओवरच्या वेळेशी मिळवलेले घड्याळ धरी, दुसरा ओरडे. डोळ्याने पाहून तोंडाने बोलेपर्यंत सेकंदाचा काही अंश जातोच, तो वजा करायचा. आता कॅमेरा आणि उपग्रहावरून मिळणारी वेळ हे काम करतात. सेकंदाला पंचवीस चित्रे घेतली तरी चूक पंचविसाव्या भागात येते. ओरडण्यातली मजा मात्र गेली.

एवढा काटेकोरपणा कशाला? १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यावरून जाणार होता. तमिळनाडूतल्या कावलूरहून पाहणाऱ्यांनाही ग्रह आड येण्याआधीच ताऱ्याचा प्रकाश क्षणभर घटलेला दिसला. त्या दिवशी ठिकठिकाणी टिपलेल्या अशा नोंदींतून युरेनसची कडी सापडली.

वेळेइतकीच जागा महत्त्वाची. डहाणूत आणि तलासरीत एकच तारा काही सेकंदांच्या फरकाने लपू शकतो. सावलीची कड नेमकी दोन गावांमधून गेली, तर एकीकडे पिधान आणि दुसरीकडे तारा चंद्राला घासून सुखरूप पुढे. कडेवरच उभे असाल तर आणखी गंमत: चंद्रावरच्या डोंगरांआड तारा लपतो, दरीतून डोकावतो, पुन्हा लपतो.

सूर्यग्रहणात हा कडेचा हिशोब फार कठोर. २२ जुलै २००९ ला, दिव्यांच्या अवसेच्या सकाळी, खग्रास पट्टा सुरतेवरून गेला; डहाणू-तलासरी त्याच्या दक्षिण कडेलगत. सुरतेत तीन मिनिटांहून थोडी अधिक खग्रास स्थिती होती, मुंबईत ग्रहण खंडग्रासच राहिले. आणि वर ढग.

पहिल्या प्रतीचे चारच तारे चंद्राच्या वाटेत येतात: रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा. रोहिणीची मागची मालिका २०१५ ते २०१८ अशी चालली. पुढची २०३३ मध्ये सुरू होईल. मघेची २०२६ च्या डिसेंबरपर्यंत आहे, पण प्रत्येक पिधान इथून दिसत नाही, त्यामुळे आधी तक्ता पाहायचा आणि मगच फळ्या घेऊन निघायचे.