किलोवर की घनफुटावर? नावड्यात बसून स्वस्त आणि टिकाऊ लाकूड कसं मिळवाल

चॉपिंग बोर्ड, पाट, चौरंग, मोबाईल स्टँड अशा वस्तूंचा छोटा धंदा सुरू करायचाय, पण वखारीत सागाचा भाव ऐकूनच पाय मागे येतात? थांबा. भावाला घाबरण्याआधी हिशेब शिका, कारण खरा तोटा तिथेच होतो.

आधी गणित

जाडी (इंच) × रुंदी (इंच) × लांबी (फूट) ÷ १४४ = घनफूट

समजा, दर घनफुटाला ३,००० रुपये आहे. १ इंच जाड, ८ इंच रुंद, १ फूट लांब बोर्डाला ०.०५५ घनफूट लाकूड लागतं, म्हणजे साधारण १६७ रुपये. पण कापणी, रंदा, गाठी यांत ३० टक्के माल गेला, तर खरा खर्च १६७ ÷ ०.७ = २३८ रुपये. १६७ धरून किंमत लावलीत, तर प्रत्येक बोर्डामागे ७१ रुपये तुमच्याच खिशातून गेले!

कटपीस किलोवर घेताना

वाळलेल्या सागाचं एक घनफूट साधारण १८ किलो भरतं. समजा, कटपीस ६० रुपये किलो मिळाले, तर घनफूट पडलं १,०८० रुपयांना. त्यातले निम्मे तुकडे वाया गेले तरी २,१६०. वखारीचा तोच माल, वाया जाणारा भाग धरून, ४,२८५ ला पडतो. छोट्या वस्तूंना लांब फळी लागतेच कुठे? मात्र ओलं लाकूड जड असतं. किलोवर ओला माल घेतलात, तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय.

कुठे शोधायचं?

१. फर्निचरवाले आणि दरवाजे-चौकटी करणारे सुतार: खारघर, कळंबोली, पनवेल भागात सतत कामं चालू असतात. एकदा जाऊन भाव करू नका. दर शनिवारी सगळे तुकडे उचलायचं ठरवा. त्यांची जागा मोकळी होते, तुम्हाला भाव मिळतो.

२. जुन्या घरांचं लाकूड: कौलारू घर पाडलं की वासे, तुळया, चौकटी निघतात. वर्षानुवर्षं वाळलेला माल! कापण्याआधी चुंबक फिरवून खिळे काढा, नाहीतर आऱ्याचं पातं गेलंच.

३. पॅलेट: शेजारी तळोजा एमआयडीसी, पलीकडे न्हावा शेवा बंदर, त्यामुळे पॅलेट दिसतीलच. बरेचसे पाइनचे, म्हणजे मऊ लाकडाचे असतात. शिक्का बघा: एचटी म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबी घेऊच नका. आणि एचटी असलं तरी त्यावर कुठलं केमिकल सांडलं होतं ते शिक्का सांगत नाही. म्हणून पॅलेटपासून खाण्याशी संबंध येणारी वस्तू करू नका. कुंडी स्टँड, शेल्फ करा.

४. साग सोडून बघा: बाभूळ घट्ट आणि जड, आंबा स्वस्त. पण आंब्याला कीड लवकर लागते, त्यामुळे नीट वाळवलेला, प्रक्रिया केलेलाच घ्या. सावंतवाडीची लाकडी खेळणी परंपरेने हलक्या पांगाऱ्याची बनतात. वस्तूला शोभेल ते लाकूड निवडा, नावाला भुलू नका.

पैसे देण्याआधी

- बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला, तर कीड आहे. सोडून द्या.
- बाहेरचा पांढरट भाग लवकर खराब होतो. गाभ्याचा माल निवडा.
- ओलावा मीटरने तपासा. १२ टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड हवेतला ओलावा ओढतं. मध्ये चिपा ठेवून, वारा लागेल असं रचा आणि वस्तू करण्याआधी थोडे दिवस थांबा.
- पक्कं बिल घ्या. गावाकडचा स्वतःचा साग असला, तरी तोड आणि वाहतुकीच्या परवानगीची चौकशी आधी वनविभागाकडे करा.

या आठवड्याचं काम

तीन सुतारांना भेटा. पाच किलो कटपीस आणा. त्यातून किती वस्तू झाल्या आणि किती किलो लाकूड वाया गेलं, ते वहीत लिहा. तो आकडा तुमचा स्वतःचा असेल. त्यावरूनच विक्रीची किंमत ठरवा, शेजारच्या दुकानाचा भाव बघून नाही!