मोटरचा गुण चढावर कळतो

उणकल म्हटले की आपल्याला आधी केरे आठवते, पाण्याच्या मधोमध उभा असलेला स्वामी विवेकानंदांचा पुतळा आठवतो आणि मग चंद्रमौळेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ. सायकलवाल्यांना मात्र इथला चढ आठवतो. धारवाड हुबळीपेक्षा उंचावर वसले आहे, त्यामुळे उणकलवरून धारवाडकडे निघालेल्या सायकलस्वाराला एकंदरीत चढच अधिक लागतो. जवळच नृपतुंग बेट्ट आहे. घरात कोणी त्याला बेट्ट म्हणते, कोणी गुड्ड, कोणी टेकडी. दम सगळ्यांना सारखाच लागतो.

अलीकडे या रस्त्यांवर जाड टायरच्या, पुढे शॉकअब्सॉर्बर असलेल्या इलेक्ट्रिक सायकली दिसू लागल्या आहेत. दुकानदार त्यांना 'माउंटन बाइक' म्हणतात. किंमत पंचवीस-तीस हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत. कुणाला ती निवृत्त वडिलांच्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांसाठी हवी असते, तर कुणाला विद्यानगरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी. दुकानात गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, 'किती वॉटची मोटर?' आणि उत्तरही जवळजवळ सगळीकडे एकच मिळते, '२५० वॉट.' मग एक सायकल टेकडी आरामात चढते आणि दुसरी अर्ध्यावर कण्हू लागते, हे कसे?

२५० हा आकडा कुठून आला?

हा आकडा आला कायद्यातून. केंद्रीय मोटर वाहन नियमांनुसार ज्या सायकलच्या मोटरची सलग अर्धा तास टिकणारी शक्ती २५० वॉटपेक्षा कमी असते, जिची मदत ताशी २५ किलोमीटरला पोहोचताच बंद होते आणि जिचे बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असते, ती 'मोटर वाहन' ठरत नाही. तिला नंबर प्लेट लागत नाही, लायसन्स लागत नाही. युरोपातही २५० वॉट आणि २५ किलोमीटर हीच मर्यादा आहे. म्हणून सगळे कारखानदार मोटरवर तोच आकडा छापतात. त्यावरून दोन सायकलींमधला फरक कळणे शक्य नाही.

चढाचे साधे हिशेब

७० किलोचा माणूस आणि २५ किलोची सायकल, मिळून ९५ किलो. दर शंभर मीटरला आठ मीटर वर जाणारा चढ. ताशी १० किलोमीटर वेगाने तो चढायचा तर घर्षण धरून साधारण २५० वॉट लागतात. रोज व्यायाम न करणारा माणूस सलग ७५ ते १०० वॉट देऊ शकतो. उरलेले दीडशे मोटरने द्यायचे. इथवर कोणतीही बरी मोटर कमी पडत नाही.

आता चढ शंभराला बारा मीटर झाला. त्याच वेगाला ३५० वॉट लागतील. आपण काय करतो? वेग कमी करतो. वेग निम्मा केला की लागणारी शक्तीही निम्मी होते. पण चाकाला वर ढकलणारा जोर मात्र तेवढाच लागतो, तो वेगाबरोबर कमी होत नाही. या फिरवणाऱ्या जोरालाच मोटरसायकलच्या जाहिरातीत 'टॉर्क' म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला एक किलोचे वजन टांगले तर नटावर जेवढा पीळ पडतो, तो सुमारे १० न्यूटन-मीटर. आपल्या बारा मीटरच्या चढाला चाकावर सुमारे ४५ न्यूटन-मीटरचा पीळ लागतो. वॉट पुरेसे असूनही सायकल का अडते, याचे उत्तर इथे आहे.

चाकातली मोटर आणि पायडलपाशी बसवलेली मोटर

आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. ती स्वस्त, साधी आणि सपाट रस्त्याला उत्तम. तिचा पीळ साधारण ३० ते ४५ न्यूटन-मीटर असतो. पण ती थेट चाकाला जोडलेली असल्यामुळे सायकलचे गिअर तिच्या कामाला येत नाहीत. तुम्ही खालचा गिअर टाकलात तर तुमचे पाय हलके होतात, मोटर मात्र आहे त्याच अवस्थेत राहते. चाक संथ फिरू लागले की मोटरही संथ होते, आणि बॅटरीतून येणाऱ्या विजेतला मोठा भाग ढकलण्याऐवजी उष्णतेत जातो. लांब चढावर हब हाताला गरम लागतो, तो यामुळे.

दुसऱ्या प्रकारात मोटर पायडलच्या अक्षापाशी बसवतात. तिचा जोर आपल्या पायांसारखाच चेनवरून, गिअरमधून मागच्या चाकाला जातो. पुढे ३४ दात आणि मागे ५१ दात अशा हलक्या गिअरवर ८५ न्यूटन-मीटरची मोटर चाकावर सव्वाशेपेक्षा जास्त पीळ देते. डोंगरात चालवायच्या खऱ्या इलेक्ट्रिक माउंटन बाइकमध्ये बहुधा हीच रचना असते. भारतात हिरो सायकल्सने यामाहाची अशी मधली मोटर घालून 'लेक्ट्रो ईएचएक्स २०' ही माउंटन बाइक २०१९ मध्ये आणली होती. तिची किंमत लाखाच्या वर होती. एवढ्या पैशांत आपल्याकडे स्कूटर येते, त्यामुळे हा प्रकार आपल्या गावांत फारसा दिसत नाही.

मदत कधी मिळते?

यापुढचा मुद्दा घरातल्या ज्येष्ठांसाठी सर्वांत महत्त्वाचा. मोटरला कळते कसे, की आता मदत करायची आहे?

स्वस्त सायकलींत पायडल फिरते आहे की नाही, एवढेच पाहणारा सेन्सर असतो. पाय जोराने दाबला की हळूच, याचा त्याला पत्ता नसतो. पायडल थोडे फिरले की क्षणभराने मोटर एकदम जोर लावते. पाय थांबवले तरी मोटर बंद व्हायला थोडा वेळ लागतो. सपाट रस्त्यावर याची सवय होते. पण चढावर थांबून पुन्हा निघताना, जेव्हा मदत सर्वांत आधी हवी असते, तेव्हाच ती उशिरा येते. आणि गर्दीत वळण घेताना किंवा सैल मुरुमावर, जेव्हा ती नको असते, तेव्हा अचानक धक्का बसतो.

चांगल्या सायकलींत पायाचा दाब मोजणारा टॉर्क सेन्सर असतो. जेवढा दाब, त्या प्रमाणात मदत. पाय हलका केला की मोटरही हलकी होते. ही कल्पना नवी नाही. जपानमध्ये यामाहाने १९९३ मध्ये 'पास' नावाची सायकल विकायला काढली, तिच्यातच पायाचा जोर ओळखून साथ देणारी मोटर होती. आपल्या भागात मराठीत काय आणि कानडीत काय, चढाला गाडी घालताना 'सावकाश' हाच शब्द येतो. सावकाश म्हटल्यावर सावकाशच चालणारी मोटर हवी असेल, तर टॉर्क सेन्सर पाहावा.

परदेशी आकड्यांचा मोह

जर्मनीची बॉश कंपनी या धंद्यात मोठी आहे. बेंगळुरूची जुनी 'मायको' म्हणजे हीच. २००८ मध्ये तिचे नाव बॉश झाले. बॉशची माउंटन बाइकची प्रमुख मोटर बरीच वर्षे ८५ न्यूटन-मीटर आणि क्षणिक ६०० वॉट देत होती. २०२५ मध्ये नव्या सॉफ्टवेअरने तिची मर्यादा १०० न्यूटन-मीटर आणि ७५० वॉटपर्यंत वाढवली गेली. शिमानोची 'ईपी ८' ही ८५ न्यूटन-मीटरची. ड्रोनमुळे प्रसिद्ध असलेल्या चीनच्या डीजेआयने २०२४ मध्ये 'अव्हिनॉक्स' आणली, ती १०५ न्यूटन-मीटरची.

गंमत अशी, की युरोपात यांच्यावरही २५० वॉटच छापलेले असते. तिथला नियम सतत देता येणाऱ्या शक्तीचा आहे. थोडा वेळ दिलेल्या जास्तीच्या जोरावर मर्यादा नाही. म्हणून या कंपन्यांची स्पर्धा आकड्यांइतकीच जोर कसा द्यायचा यावरही चालते. बॉशने २०१७ मध्ये आणलेल्या 'ईएमटीबी' मोडमध्ये पायाच्या दाबानुसार मदत आपोआप कमीजास्त होते. डोंगरात ओल्या दगडावर चाक घसरू नये, हा त्यामागचा हेतू.

आपल्याला एवढ्या मोठ्या मोटरची गरज नाही. पण धडा तोच घ्यायचा. जास्त जोराच्या नादाने काही जण मोटर बदलतात किंवा वेगाची मर्यादा काढून घेतात. तसे केले की ती कायद्याने सायकल राहत नाही, विनानोंदणीचे मोटर वाहन होते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये परिवहन खात्याने अशा बदललेल्या ई-बाइकवर कारवाई सुरू केली होती. अपघात झाला तर विमा आणि नुकसानभरपाईचे त्रांगडे घरच्यांनाच निस्तरावे लागते.

विकत घेताना

दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून काहीच कळत नाही. सायकल चढावर न्यायला मागा, आणि जो रोज चालवणार आहे त्यालाच बसवा. वडिलांसाठी घ्यायची असेल तर मुलाने चालवून पाहू नये. चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघा. मोटर किती वेळाने साथ देते ते पाहा. मग पाय थांबवा. ती किती वेळाने सोडते ते पाहा. ब्रेक दाबताच मोटर बंद होते ना, हेही तपासा. शेवटी मोटर बंद करून थोडे चालवा, कारण बॅटरी कधीतरी वाटेत संपणारच आहे.

बॅटरीचाही हिशेब करा. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास. ९५ किलो वजन शंभर मीटर उंच नेण्यातच सुमारे २६ वॉट-तास खर्च होतात; सपाट रस्त्याचा खर्च वेगळा आणि मोटरमध्ये वाया जाणारी वीज वेगळी. त्यामुळे कागदावर लिहिलेले अंतर आपल्या रस्त्यावर कमीच भरेल. शिवाय मागच्या हबमधली वायर सोडवून पंक्चर काढता येणारा माणूस आपल्या गल्लीत आहे का, हे विचारून ठेवा.

रोजचा रस्ता सपाट असेल आणि वाटेत एखादाच चढ असेल, तर चाकातली साधी मोटर पुरते. टॉर्क सेन्सरसाठी चार पैसे जास्त गेले तर ते गुडघ्यांसाठी गेले असे समजावे. रविवारी राजहंसगड किंवा चोर्ला घाट गाठायचा असेल, तरच मधल्या मोटरच्या खर्चाचा विचार करावा. वॉट विचारायचेच असतील तर सगळ्यात शेवटी विचारा.